जिलेबी न खाणारे बबनभाऊ

अड्याळच्या बाजारात लोक काय खाल्लं ते सांगतात. आमचे बबनभाऊ काय खाल्लं नाही ते सांगतात. संध्याकाळी माझ्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर बसणार, घाम पुसणार आणि म्हणणार, "आज मी जिलेबी नाई खाल्ली. गरम होती. समोरून गेली." मग जरा थांबून, "आलूबोंडा बी नाई खाल्ला." चेहरा असा, की आता गावाने सत्कार करावा. मी हो हो करत मशीनमध्ये कागद भरत राहतो. रोज मरे त्याला कोण रडे, तसं रोज न खाई त्याचं किती कौतुक करायचं?

भाऊ कोशाच्या रेशमी साड्यांचे पिढीजात व्यापारी, दुकान माझ्या समोरच. देह असा, की ते गादीवर बसले की गिऱ्हाइकाला उभं राहावं लागे. मग छातीत धडधड सुरू झाली. ठोका कधी पळायचा, कधी अडखळायचा. नागपूरच्या डॉक्टरांनी मांडीच्या शिरेतून नळी आत नेली, हृदयाला बारीक चटके दिले आणि ठोका ताळ्यावर आणला. घरी सोडताना मात्र दम दिला, "माझं काम झालं. आता तुम्ही वजन उतरवा, नाही तर हेच दुखणं परत येईल."

भाऊंनी मनावर घेतलं. पहाटे तलावाच्या पाळीवरून चालू लागले. वाटेत कोणी भेटला की त्याची बोटं धरून आपल्या मनगटावर ठेवायचे. "पाह्य बरं, नाडी सरळ चालून राहिली ना?" भाजीवाली, कंडक्टर, पोस्टमन, कोणी सुटला नाही.

भाऊंची बायको, आमच्या काकू, गेल्यापासून घरात दुसरं माणूस नाही. पुण्याचा मुलगा रविवारी फोन करतो. "बाबा, वजन किती?" भाऊ आकडा सांगतात. "गुड," म्हणून तो फोन ठेवून देतो. एवढं शिकून पोराला दुसरा प्रश्न सुचत नसेल, तर ते शिक्षण काय चाटायचंय?

आणि आमचं गाव त्याहून हुशार. आमच्याकडे लग्नाचं, तेरवीचं चूलबंद आवतन असतं. म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायची नाही, घरादाराने आमच्याकडे जेवायचं. भाऊ जाड होते तोवर त्यांच्याशिवाय पंगत रंगत नसे. लोक पैजा लावून त्यांच्या पत्रावळीवर बुंदी ओतायचे आणि टाळ्या पिटायचे. वजन उतरू लागलं तशी आवतनं बंद झाली. "पथ्य हाय त्याचं. बिचाऱ्याचा जीव कायले जाळाचा?" असं म्हणत आवतन देणारे त्यांचं दार सोडून पुढे जात. आग लागो असल्या दयेला.

गेल्या महिन्यात धनराजच्या पोरीचं लग्न होतं. धनराज भाऊंचा भिंतीला भिंत लागून शेजारी. मांडवाचा एक खांब तर भाऊंच्याच अंगणात रोवला होता. मी जेवायला निघालो, तर चौकातल्या हॉटेलात बाकावर भाऊ. पुढ्यात जिलेबीची प्लेट. ती संपली, त्यांनी दुसरी मागवली.

माझं डोकंच फिरलं. "भाऊ, मराचं हाय का तुमाले? एवढे चटके खाऊन आले ते कायले?"

"वाढू दे वजन," ते भरल्या तोंडाने म्हणाले. "मंग बोलावतीन."

"कोण?"

"सारेच. मले जेवाले नाई लागत रे. पंगतीत बसाले लागते. पत्रावळीवर नुस्तं मीठ वाढलं तरी चालन. पण बाजूले माणूस पाहिजे."

मी प्लेट ओढून घेतली, त्यांचा दंड धरला आणि सरळ मांडवात नेलं. धनराज गडबडला. "अवो भाऊ, तुमचं तं पथ्य..."

"वाढ," मी म्हणालो. "अन् गप ऱ्हाय."

भाऊ मांडी घालून बसले. जरासा भात, वरण, वांग्याची भाजी. बुंदीवाला आला तेव्हा पत्रावळीवर आडवा हात धरला. शेजारच्याला त्याच्या गाईचं विचारलं, पलीकडच्याला जावयाचं. पंगत उठली, ते उठेनात. वाढपी पत्रावळ उचलायला वाकला, तर त्यांनी ती दोन्ही हातांनी दाबून धरली.

"ऱ्हाऊ दे ना रे," ते म्हणाले. "पुढची पंगत बसू दे. मी जेवत नाई. नुस्ता बसतो."