बारा नळ्या, एकच विषाणू

डॉक्टरीणबाईंच्या प्रयोगशाळेत चूक होत नसे. हे त्या स्वतःच सांगत, आणि दिवसातून निदान दोनदा सांगत. "तेरा वर्षांत एक नळी इकडची तिकडे झालेली नाही!"

त्या सकाळचा निकाल बघून मात्र त्या खुर्चीतून उठल्याच. एकाच गोठ्यातल्या सहा शेळ्या आणि सहा मेंढ्या, बाराही नळ्यांत गुडघे सुजवणारा शेळ्यांचा विषाणू! आणि बाराही ठिकाणी हुबेहूब तोच!

हा विषाणू म्हणजे घाईत नक्कल उतरवणारा कारकून. दर नकलेत काही ना काही चुकवणारच. एका दावणीच्या दोन शेळ्यांतसुद्धा तो थोडा वेगळा निघतो. इथे शेळीपासून मेंढीपर्यंत एका अक्षराचा फरक नव्हता. बाईंनी तीनदा तपासलं, तीनदा तेच! त्यांनी संचालकांना फोन लावला.

"सर, शेळीतून मेंढीत उडी मारलीय त्यानं! इतकी ताजी, की बदलायलाही वेळ मिळालेला नाही!"

संचालकांना ती उडी फारच आवडली. तासाभरात त्यांनी चार वर्तमानपत्रांना दुपारी चारचं बोलावणं धाडलं. साथ पसरू नये म्हणून त्या गोठ्यातल्या चाळीसही मेंढ्या मारून पुरण्याचा आदेश टाइप करून घेतला. सही तेवढी चार वाजता, फोटोसाठी.

बातमी गोठ्याच्या मालकीणबाईंपर्यंत पोचली, तशा त्या टेम्पो करून आल्या. एकट्या नाही. दोरीला एक एडका होता, कपाटाएवढा. त्याचं नाव पैलवान.

"बाई, माझ्या मेंढ्यांना रोग झालाय म्हणता?"

"मावशी, मला खरंच वाईट वाटतं. पण रक्त खोटं बोलत नाही."

"कुठलं रक्त? याच्या मानेवर लोकर बघा. सुई घालायची तर आधी लोकर कापावी लागते ना? कुठे कापलीय दाखवा!"

बाईंनी चष्मा लावला. लोकर अंगठाभर जाड, सलग. कात्री लागल्याची खूणच नाही.

"याला कदाचित टोचलं नसेल."

"एकीलाही टोचलेलं नाही. चाळीसच्या चाळीस माना चाचपून आलेय मी!"

नमुने कंपाउंडरनं आणले होते. बाईंनी हाक मारली. कंपाउंडर आला, दारात पैलवानाला पाहिलं आणि पन्नाशीचा तो माणूस उडी मारून टेबलावर चढला.

"मॅडम, आधी त्याला बाहेर काढा!"

"तू ओळखतोस याला?"

"ओळखतो म्हणजे? गोठ्यात शिरलो तसं यानं मला शिंगांवर घेऊन कुंपणापर्यंत पोचवलं!"

"मग मेंढ्यांचं रक्त कसं काढलंस?"

कंपाउंडर छताकडे बघत म्हणाला, "कुंपणावरून उडी मारली, तर पलीकडे कोपऱ्यात एक म्हातारी शेळी होती, मॅडम. फार सोशिक जनावर. सुई घातली तरी हू की चू नाही. म्हटलं, रक्त ते रक्त…"

"बाराही नळ्या तिच्याच?"

"चिठ्ठ्या आधीच लिहून नेल्या होत्या. त्या वाया कशाला घालवायच्या?"

बाईंनी बाराही नळ्यांवरच्या चिठ्ठ्या पुन्हा एकदा वाचल्या. नळीतलं रक्त कुठल्या जनावराचं, हे तपासायची त्यांना कधी गरजच वाटली नव्हती. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं की! विषाणूनं उडी मारलीच नव्हती. जी काय मारली, ती कंपाउंडरनं, कुंपणावरून!

"ती म्हातारी हलेल कशी?" मालकीणबाई म्हणाल्या. "गुडघे सुजलेत तिचे. महिनाभर सांगतेय, कोण ऐकतंय!"

घड्याळात साडेअकरा झाले होते. बाईंनी कोट काढून फेकला. "मावशी, टेम्पोत जागा आहे?"

तेरा वर्षांत डॉक्टरीणबाईंनी जिवंत मेंढी धरली नव्हती. त्या दुपारी त्यांनी सहा धरल्या. दोन मेंढ्यांनी त्यांना चिखलात पाडलं, तिसरीनं चपलेसकट ओढत नेलं. मालकीणबाई मेंढीची मान धरून हसत होत्या आणि बजावत होत्या, "पाय सोडा बाई, कान नका ओढू!" मग सहा शेळ्या. बारा जनावरं, बारा माना, बारा नळ्या.

नळ्या घेऊन दोघी टेम्पोनं प्रयोगशाळेत परतल्या. चाराला पाच मिनिटं कमी असताना यंत्रानं उत्तर दिलं. सहाही मेंढ्या कोऱ्या. पाच शेळ्या कोऱ्या. विषाणू फक्त म्हातारीत.

"तिला वेगळी बांधा, तिचं दूध कुठल्या पिलाला पाजू नका," बाई म्हणाल्या. "बाकी जगू दे बिचारीला." मग त्यांनी संचालकांना फोन लावला.

"सर, आदेश फाडा. चूक झाली, आमच्याकडूनच. मेंढ्या ठणठणीत आहेत."

"अहो, बाहेर चार वार्ताहर बसलेत! मेंढ्या ठणठणीत, ही काय बातमी झाली?"

मालकीणबाईंनी फोन हातातून काढून घेतला. "साहेब, आमच्या घरात आज दुसरी बातमीच नाही!" एवढं बोलून त्यांनी फोन ठेवून दिला. त्यांनी बाईंचा चिखलानं माखलेला हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"मावशी, आभार मी मानायचे," बाई म्हणाल्या. "तुम्ही माना चाचपल्या नसत्या, तर…"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी चारही वर्तमानपत्रं विकत घेतली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दोनदा वाचली. मेंढ्यांबद्दल कुठेही एक ओळ नव्हती. एवढी चांगली बातमी त्यांनी आजवर वाचली नव्हती!