भाचीच्या डोक्यावरचा बो

अपत्य झाल्यावर नवरा-बायकोतले मतभेद मिटतात, असं अनुभवी लोक सांगतात. ते खरं आहे. जुने मिटतात, कारण त्यांच्याकडे बघायला कोणाला वेळ उरत नाही.

माझी ताई आणि भाऊजी यांच्यातला नवा मतभेद त्यांच्या मुलीच्या, म्हणजे ठकीच्या, डोक्यावर राहत असे. ठकी पहिलीत. भाऊजींचं सोफ्यांना नवं कापड चढवण्याचं आणि पडदे शिवण्याचं दुकान आहे. (तिथे उरलेला एकही तुकडा वाया जात नाही. पुढचं सगळं या सद्गुणातूनच घडलं.) मुलीच्या केसांत मोठा, फुगीर, लांबून दिसणारा बो असावा, असं त्यांचं मत. ताई फिजिओथेरपिस्ट, दिवसभर लोकांच्या अवघडलेल्या माना सोडवते. डोकं हाच मानेवर पुरेसा भार आहे, त्यावर आणखी फर्निचर नको, असं तिचं मत. तिने ठकीसाठी एक क्लिप आणली होती. ती इतकी सोज्वळ होती, की भाऊजींनी पहिल्या दिवशी ती केसांत अडकलेलं शीत समजून काढून टाकली.

"मुलगी आहे की सोफा?" ताई विचारायची.

"सोफ्यासाठी मी इतकी मेहनत घेत नाही," भाऊजी सांगायचे. त्यांच्या गिऱ्हाइकांचंही हेच म्हणणं होतं.

मी वरच्या मजल्यावर राहतो आणि अविवाहित आहे, म्हणून उभयपक्षी मला तटस्थ पंच नेमण्यात आलं. (मानधन चहा. ज्याच्या विरुद्ध निकाल जाईल त्याने तो करायचा नाही.) मी निवाडा दिला, की बोची रुंदी ठकीच्या दोन कानांमधल्या अंतरापेक्षा जास्त नसावी. दोघांनी मान्य केलं. दुसऱ्या दिवशीचा बो रुंदीला अगदी नियमात होता. उंचीबद्दल करारात काही नव्हतं. ठकी दारातून बाहेर पडताना किंचित वाकली, उंच माणसं वाकतात तशी.

यावर ताईने शांततेचा मार्ग पत्करला. सकाळी शाळेत सोडायला तीच जायची. कोपरा वळला की ती बो काढून पर्समध्ये ठेवायची आणि क्लिप लावायची. दुपारी आणायला भाऊजी जायचे, ते जातानाच दुसरा बो घेऊन जायचे. सकाळी येणारी मुलगी आणि दुपारी जाणारी मुलगी एकच आहे, यावर शाळेच्या मावशींचा बरेच दिवस विश्वास बसला नाही. त्यांनी भाऊजींना एकदा अडवूनही ठेवलं होतं.

मग वर्गाच्या फोटोचा दिवस आला. त्या दिवशी भाऊजींनी दुकान उशिरा उघडलं आणि ठकीला स्वतः सोडलं. बो एका बँकेच्या पडद्यातून उरलेल्या जाड साटीनचा होता, आत तार घातलेली. फोटोत ठकी पुढच्या रांगेत फार गोड दिसते. तिच्या मागे बेकरीवाल्यांची मुलगी उभी आहे. हे तिच्या डाव्या कानावरून सिद्ध करता येतं.

बेकरीवाले समजूतदार गृहस्थ. ते भांडायला आले नाहीत. पुढच्या सोमवारी त्यांची मुलगी दुमजली बो लावून आली, कडेला झालर. त्या आठवड्यात इतर पालकांनाही आपल्याला मुलगी असल्याची जाणीव झाली. पहिलीच्या वर्गात फळा दिसेनासा झाला, तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी परिपत्रक काढलं: 'ज्या विद्यार्थिनींचे बो उंच आहेत त्यांनी मागील बाकांवर बसावे.' दुसऱ्या दिवशी मुलींच्या पुढच्या बाकांवर क्लिपवाली ठकी तेवढी एकटी उरली. परिपत्रकाची अशी शंभर टक्के अंमलबजावणी त्या शाळेत पूर्वी कधी झाली नव्हती.

ताईने या काळात मान ताठ ठेवली. पण एका सकाळी फाटकापाशी तिने बेकरीवाल्यांच्या मुलीला जवळून पाहिलं. मग क्लिप लावलेल्या ठकीकडे पाहिलं. त्या संध्याकाळी ती नवऱ्याशेजारी जाऊन बसली.

"त्यांच्या बोमध्ये दोन तारा आहेत का रे?"

"दोन असाव्यात. एका तारेवर दुसरा मजला उभा राहत नाही."

"मग आपल्याच पोरीला एक का?"

"मानेचं काय?"

"मान माझ्यावर सोड. व्यायाम देईन."

त्यानंतर त्या घरात जे सुख नांदलं, ते मी आधी पाहिलं नव्हतं. भाऊजी शिवायचे, ताई वजन करायची. ठकी भिंतीला पाठ लावून हनुवटी मागे घेण्याचा व्यायाम करायची. दोघं एकमेकांना पुन्हा लाडाने हाक मारू लागले. माझा चहा बंद झाला, पण मी तक्रार केली नाही. दुसऱ्याच्या संसारासाठी एवढं सोसावंच लागतं.

रविवारी तो तीनमजली बो पुरा झाला. "ठके, ये गं, बघू डोकं," ताईने हाक मारली.

ठकी आली. हातात हस्तकलेची कात्री होती. डोक्यावर मात्र कुठे बोटभर, कुठे पेरभर आणि कुठे काहीच नव्हतं.

भाऊजी बो हातात धरून उभे राहिले, आजाऱ्याला भेटायला फुलं आणावीत आणि खाट रिकामी दिसावी तसे. ताईने ठकीच्या डोक्यावरून हात फिरवला. तिचे डोळे भरून आले होते.

"इलॅस्टिकवर बसेल," शेवटी भाऊजी हळूच म्हणाले.

"टोपी घालायची. साधी," ताई म्हणाली.

"साधी म्हणजे कसली?"

आणि मला खाली बोलावण्यात आलं.

मी आधी ठकीला जिन्यात घेऊन बसलो. "का गं कापलेस केस?"

"डोकं खाजत होतं," ती म्हणाली.

मी दोघांना हे कारण सांगितलं. दोघांनी लक्षपूर्वक ऐकून घेतलं आणि एकदमच विचारलं, "ते असू दे. पण तुझं मत काय, इलॅस्टिक की टोपी?"

हसायला हरकत नाही. पण खरं सांगा, तुमचंही ठरलंय ना?