‘ब’ गटातले दात

दात स्वच्छ असणे पुरेसे नसते. ते कशामुळे स्वच्छ आहेत हे कागदावर सिद्ध झाल्याखेरीज त्यांना स्वच्छ मानणे अशास्त्रीय होय. पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या वाडीत राहणारा मुरारी साठी उलटली तरी असे अशास्त्रीय आयुष्य जगत होता. सकाळी गुरे सोडताना करंजाची काडी चावायची आणि दुपारी अख्खी सुपारी दाताने फोडायची. (करंज फुकट मिळत असल्यामुळे त्यावर संशोधन होणे अत्यावश्यक होते.)

सन २००३ मध्ये मुंबईच्या एका दंतसंस्थेने हे काम अंगावर घेतले. डॉक्टर पियुष आपल्या पथकासह वीर स्टेशनावर उतरले, वाटेतल्या सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय शेकून ताजेतवाने झाले आणि त्यांनी वाडीच्या देवळात सभा घेतली. दातांवर जंतू चिकट थर धरून वसाहत करतात. करंजातल्या गुणाची हुबेहूब नक्कल प्रयोगशाळेत तयार झाली असून ती हा थर मोडते, असे त्यांनी समजावले. अस्सल झाड दारात असताना नक्कल कशाला, हे कोणी विचारले नाही. पाहुण्यांना अडचणीत आणण्याइतकी वाडी अजून सुधारली नव्हती.

मग गट पडले. ‘अ’ गटाला नकलेच्या गुळण्या. ‘ब’ गटाने काडी, राख, मिश्री यांपैकी काहीही लावायचे नाही. थर नीट साचू द्यायचा. कोणाचे किती चांगले झाले हे कळायला कोणाचे तरी वाईट व्हावे लागते. (शास्त्रात याला तुलना म्हणतात.) वाडीतले सर्वांत चांगले दात मुरारीचे, म्हणून तो ‘ब’ गटात गेला. त्याला हा मानच वाटला.

“काका, मी येईपर्यंत काडी लावायची नाही. तीन आठवडे फक्त. शब्द द्या,” डॉक्टर म्हणाले.

मुरारीने दिला. शब्द देवळात दिलेला, म्हणून गुरवाने देवीपुढे नारळ ठेवून रीतसर गाऱ्हाणे घातले. आता ज्याने शब्द घेतला त्यानेच येऊन तो नारळ फोडायचा, तोवर सुटका नाही. डॉक्टरांनी या सोहळ्याचा फोटो काढला. अहवालात तो ‘सहभागींची संमती’ या मथळ्याखाली छापला आहे.

तीन आठवड्यांनी एक मदतनीस आला आणि दातांवरचा थर खरवडून बाटलीत घेऊन गेला. डॉक्टर आले नाहीत, कारण त्यांचे काम झाले होते.

पावसाळा गेला, शिमगा गेला. मुरारीच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. भाकरी तो दुधात कुस्करून गिळू लागला. बायको तुळसा रडकुंडीला आली.

“आवो, काडी फिरवा तोंडातनं. कोन बगतंय?”

“देवी बगते गो. आन् डागदर येनार हाय. येनार नाय तर ‘मी येईपर्यंत’ म्हनंल कशाला?”

शिकलेल्या माणसाच्या बोलण्याला अर्थ असतो, हा मुरारीचा गैरसमज कोणत्याही औषधाने मोडण्यासारखा नव्हता. पुढचे दोन दात पडले, मग दाढा. तिकडे डॉक्टरांच्या निबंधाला सुवर्णपदक मिळाले. ‘ब’ गटाने सूचनांचे इतके काटेकोर पालन केल्याचे उदाहरण विरळ, असे परीक्षकांनी आवर्जून नमूद केले.

नकलेची ट्यूब बाजारात आली. तिच्यावर करंजाचे हिरवेगार पान आहे आणि खाली ‘प्रत्यक्ष माणसांवर सिद्ध’ असे छापले आहे. तुमच्या न्हाणीघरातही ती असेल. कोणती माणसे, हे विकत घेताना तुम्ही विचारले नाहीत. काहीच विचारले नाहीत असे मात्र नाही. सोबत ब्रश फुकट आहे का, एवढे विचारलेत.