आठ अडॅप्टर खुशाल, नववा कुरकुऱ्या

एका जंगलात, बाळांनो, वाघमहाराजांच्या दरबारात एक संगणक होता. नदीच्या वरच्या बांधावर बगळे पहारा देत. बांधाचं दार उघडायचं असलं की ते तारेने संगणकावर निरोप धाडत. मग खालच्या काठावरची बिळं रिकामी होत.

खंडेनवमी झाली आणि निरोप येईनासे झाले.

संगणक सांभाळायला खवलेकर नावाचं एक खवले मांजर होतं. बिचारा सहा वर्षं हंगामी. येत्या सोमवारी कायम होणार होता. त्याची बायको आणि पिल्लू खालच्याच काठावर राहत. निरोप थांबले तसा तो संगणकाशी येऊन बसला.

त्याने पाच ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली. तारेतला निरोप संगणकात घेणारा जो भाग, त्याला म्हणतात नेटवर्क अडॅप्टर. स्क्रिप्टने विचारलं, "बाबा रे, तुझ्या पोटात अडॅप्टर किती आणि कोण कसा आहे?"

नऊ उत्तरं आली. आठ जण म्हणाले, "जोडलेला आहे." हे आठही भासमान. जुन्या प्रोग्रामांनी मागे ठेवलेले. त्यांना ना तार, ना तार खोचायला भोक. नववा तेवढा खरा. तो म्हणाला, "माझी तार निघाली आहे."

खवलेकर संगणकामागे वाकला. प्रधान रानडुकराने खंडेनवमीला यंत्राची पूजा केली होती. मध्ये येते म्हणून तार उपटली होती आणि भोकात झेंडूचं फूल खोवलं होतं.

फूल काढायचं, तार खोचायची. दोन क्षणांचं काम. पण प्रधानांची पूजा मोडायची कोणी? खवलेकर पडला शहाणा. त्याने अहवाल लिहिला.

महाराजांनी अहवाल वाचला. "आठ जण ठीक आहेत. हा एकटाच का कुरकुरतो?"

"महाराज, तो एकटाच खरा आहे. बाकीचे भासमान आहेत."

"म्हणजे नसलेले आठ कामावर हजर, आणि असलेला एक रिकामा बसलाय? लाज नाही वाटत त्याला?"

"महाराज, ते फूल..."

"फुलाचं काय?" प्रधानांनी सुळे पुसत विचारलं.

खवलेकराला सोमवार आठवला. "छान आहे," तो म्हणाला.

हुकूम सुटला. यापुढे जे जोडलेले असतील त्यांनाच विचारावं. खवलेकराने स्क्रिप्टमध्ये एक अट वाढवली. आठपैकी आठ! दरबाराने टाळ्या पिटल्या. खालच्या काठावर खवलेकराच्या सहीचा फलक लागला: 'सर्व अडॅप्टर जोडलेले. ज्या अर्थी निरोप नाही, त्या अर्थी पाणी नाही.'

खवलेकराला मात्र स्वतःची शरम वाटली. तो धावत घरी गेला.

"ऊठ, पिल्लाला घे. टेकडीवर चल!"

"निरोप आला का?" बायकोने विचारलं.

"नाही आला."

"मग कशाला? आत्ताच तुमचा फलक वाचून आले. सगळ्या आळीला सांगितलं, आमच्या ह्यांची सही आहे, निर्धास्त राहा. आता आपणच पळालो तर तोंड कुठे दाखवू?"

"अगं, तो फलक खोटा आहे!"

"काहीतरीच तुमचं! सोमवारी कायम होणार तुम्ही. खोटं कशाला लिहाल?"

एवढं बोलून होतंय तोच पाणी बिळात शिरलं.

सोमवारी दरबाराने खवलेकराला कायम केलं. तो आला नव्हता. खालच्या काठावरचं कोणीच आलं नव्हतं. पण महाराजांचं काही अडलं नाही. नसलेल्यांवर त्यांचा आता फार विश्वास बसला होता.

तात्पर्य: खरं बोलणारा एकटाच असेल, तर त्याला वेळीच यादीतून काढावं. म्हणजे एकमत होतं, आणि एकमताने बुडालेल्यांची चौकशी होत नाही.