जगन्नाथरावांचं दूध

जगन्नाथरावांना ऊन कमी पडतंय असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्यांना आपल्या अख्ख्या घराण्याचा अपमान झाल्यासारखं वाटलं. निर्मळ गावी त्यांची केळीची वाडी. आजोबांपासून सुकेळ्यांचा धंदा. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, मांडवावर कडक उन्हात वाळवायची आणि पानात बांधून विकायची. ज्या घराने तीन पिढ्या ऊनच विकलं, त्या घरच्या कर्त्या माणसाच्या रक्तात व्हिटॅमिन डी नाही म्हणजे काय?

"तपासणी चुकलीय," माणिकपूरच्या दवाखान्यात ते डॉक्टर एलिनाला म्हणाले. "माझा जन्म उन्हात गेलाय."

"काका, वाडीत कधी जाता?"

"पहाटे. मग ऊन उतरल्यावर."

"अंगात काय असतं?"

"पूर्ण बाह्यांचा शर्ट. डोक्याला टॉवेल. उन्हाने डोकं धरतं माझं."

"आणि भर दुपारी?"

"केळीखाली खाट टाकतो. गार असतं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "उन्हात तुमची केळी असतात, काका. तुम्ही नसता."

मग त्यांनी पावडरीच्या पुड्या लिहून दिल्या. आठवड्यातून एक, जेवणानंतर दुधातून, दोन महिने, आणि मग पुन्हा तपासणी. "आठवड्याला एकच हं. बरं वाटलं म्हणून दोन नाही आणि विसरलात म्हणून दुप्पट नाही. जास्त झालं तर ते लगेच बाहेर पडत नाही, अंगात साठतं."

घरी येऊन जगन्नाथरावांनी पुड्या फळीवर फेकल्या आणि जाहीर केलं, "पुडीतलं ऊन मी खाणार नाही. कोणी आग्रह केला तर या घरात जेवणार नाही." ते पाटावर बसले आणि तीन पोळ्या जेवले, पण शब्द तो शब्द.

आता खरी गोष्ट अशी, की त्या घरात जगन्नाथरावांना सगळे घाबरत आणि सगळ्यांना त्यांची काळजी. असल्या घरात चोरूनच सेवा होते.

त्यांच्या बायकोने, मनोरमाबाईंनी, दर रविवारी रात्रीच्या दुधात पुडी मिसळायला सुरुवात केली आणि कोणाला सांगितलं नाही. मुलाच्या, सुमेधच्या तोंडात तीळ भिजत नाही हे त्यांना माहीत होतं, कारण तो गुण त्यांच्याकडूनच आलेला. सून ज्ञानदाने विचार केला, आई काही बाबांपुढे धजावणार नाहीत. तिने शाळेत शिकवून घरी येताना औषधाच्या दुकानातून तशाच पुड्या आणल्या आणि दर बुधवारी एक दुधात सोडू लागली. आणि सुमेधला वाटलं, या दोघींच्या हातून काही होणार नाही. अंधेरीच्या बँकेत बसल्या बसल्या त्याने मोबाइलवरून थेंबांची एक बाटली मागवली. बाटलीवर रोज एक थेंब असं लिहिलेलं. बाबांचा देह मोठा म्हणून त्याने चार केले.

असा दीडेक महिना गेला. जगन्नाथरावांच्या पेल्यात काय काय पडत होतं ते एकट्या पेल्याला ठाऊक.

मग एका रविवारी मनोरमाबाई ओट्यापाशी पुडी फाडत असताना मागून आवाज आला.

"आई, तुम्हीपण?"

मनोरमाबाई दचकल्या. "तुम्हीपण म्हणजे? अजून कोण?"

ज्ञानदाने पदराखालून आपली पुडी काढली. "या बुधवारी शाळेचं स्नेहसंमेलन होतं, राहिली. म्हटलं आज टाकू."

दोघी एकमेकींच्या हातांकडे बघत उभ्या असताना सुमेध आत आला. खिशातून छोटी बाटली काढून, दोघींकडे पाठ करून, त्याने सराईतपणे पेल्यात चार थेंब टाकले आणि वळला.

"काय झालं? अशा का बघताय?"

ज्ञानदाने दोन्ही पुड्या त्याच्यासमोर धरल्या. मनोरमाबाईंनी दूध मोरीत ओतलं आणि फोन सुमेधच्या हातात दिला.

डॉक्टर एलिनाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आधी सगळं बंद करा. पाणी भरपूर पाजा. उद्या सकाळी रक्त द्या, व्हिटॅमिन डी, कॅल्शियम आणि किडनीचं. त्यांना फार तहान लागते का? सारखी लघवी? मळमळ? बोलण्यात गोंधळ?"

"लघवी," मनोरमाबाई मागून म्हणाल्या. "दूध घेतलं की लगेच मागच्या दाराने बाहेर जातात. रोज."

"आणि गोंधळ पण आहे," सुमेध म्हणाला. "परवा केळीशी बोलत होते. मी ऐकलं. 'घे बाई, तूच ढोस' म्हणत होते."

"उलटी झाली किंवा सुस्ती आली तर थांबू नका, सरळ घेऊन या," डॉक्टर म्हणाल्या.

जगन्नाथरावांना हे काही सांगायचं नाही असं ठरलं. सकाळी त्यांना कोलेस्टेरॉल बघायचंय म्हणून माणिकपूरला नेलं. सुई बघून ते अडून बसले. "आधी हिचं काढा. मग माझं." मनोरमाबाईंनी एका शब्दाने वाद न घालता हात पुढे केला. चाळीस वर्षांच्या संसारात असं पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळे जगन्नाथरावांना त्या कोलेस्टेरॉलची शंका तिथेच आली.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळणार होता. तोवर सुमेधने रजा टाकली आणि बापाचा ताबा घेतला.

"ऊनही बंद," तो ज्ञानदाला म्हणाला. "उन्हाने अंगात अजून डी तयार होईल."

"उन्हाने जास्त होत नाही रे. शरीर स्वतः थांबवतं. मी वाचलंय."

"तू पुड्यांबद्दलही वाचलं होतंस ना?"

ज्ञानदाने खुंटीवरची छत्री काढून दिली.

तेव्हा जगन्नाथराव वाडीत निघाले की सुमेध मागून छत्री धरून. अर्ध्या तासाला ज्ञानदा तांब्या घेऊन हजर. "बाबा, पाणी." जगन्नाथराव पाणी पीत, मग वाडीच्या कडेला जात, आणि ते कडेला गेले की स्वयंपाकघराच्या खिडकीतून मनोरमाबाई कपाळाला हात लावत. "गेले बघ परत. वाढतंय ग." मग घाबरून अजून एक तांब्या धाडत.

कुंपणापलीकडून शेजारी प्लासिड हा सगळा सोहळा बघत होता. "जगन्नाथ, कोणाचं लगीन हाय रे? छत्री धरून मिरवतायत तुला."

"माझंच असेल. मला कोण सांगतं?"

"आनि पानी किती पितोस? विहीर आटायची अशानं."

दुपारी मनोरमाबाई मांडवावरची सुकेळी उलटायला बाहेर आल्या. डोक्यावरून पदर, हातांना कोपरापर्यंत गुंडाळलेली जुनी फडकी. दोन रांगा उलटून त्या तिथेच थांबल्या.

"ज्ञानदा, त्यांना काही झालं तर सगळे म्हणतील मनोरमाने काळजी घेतली. आणि मला ठाऊक असेल की मी माझ्या हाताने पाजलं."

"आई, आपण तिघांनी पाजलं."

"पेला मी नेऊन द्यायची. 'संपवा हं' म्हणायची वर."

ज्ञानदाने त्यांच्या हातातलं केळं घेतलं. ते तिसऱ्यांदा उलटलं जात होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चौघेजण डॉक्टरांपुढे बसले. रिपोर्ट उघडला. डॉक्टरांनी तो वाचला, उलटा केला, पुन्हा सुलटा करून वाचला.

"कॅल्शियम उत्तम. किडनी उत्तम. आणि व्हिटॅमिन डी..." त्यांनी चष्मा काढला. "होतं तिथेच आहे. काडीभरही वाढलेलं नाही. काकांच्या पोटात एक थेंबही गेलेला नाही."

मनोरमाबाईंनी डोळे मिटले. दोन दिवस छातीत अडकलेला श्वास त्यांनी असा सोडला की टेबलावरचा रिपोर्ट हलला. मग डोळे उघडले, आणि त्या डोळ्यांत आता वेगळंच काहीतरी होतं.

"अहो. दूध कुठे जायचं?"

जगन्नाथराव पंख्याकडे बघत राहिले. "कुठलं दूध?"

"अहो."

"मागच्या राजेळीला. पहिल्याच दिवशी दुधाला संत्र्याचा वास आला. म्हटलं, म्हशीने काही संत्री खाल्ली नसणार."

"म्हणजे तुम्ही केळीशी बोलत होता ते..." सुमेध म्हणाला.

"मग मुक्यानं पाजायचं का तिला?"

डॉक्टर एलिना हसल्या, ज्ञानदा हसली, आणि मनोरमाबाई एकाच वेळी हसल्या आणि रडल्या, त्यामुळे त्यांना उचकी लागली. तांब्या नव्हता, सवयीने सगळे शोधत राहिले.

"नशीब तुमचं," डॉक्टर म्हणाल्या. "पोटात गेलं असतं तर ही हसायची गोष्ट नव्हती. आता नीट ऐका. चोरून काही नाही. थेंब बंद. औषध एकच आणि देणारा हातही एकच. काका, तुम्ही रविवारी समोर बसून घ्यायचं." मग त्यांनी दुसरा कागद उचलला. "आणि काकू, तुमचं यांच्याहून कमी आहे."

"माझं?" मनोरमाबाईंची उचकी थांबली. "तपासणी चुकली असेल. मी रोज सुकेळी उन्हात घालते."

आता जगन्नाथरावांनी पंख्यावरची नजर खाली आणली. असा क्षण माणसाच्या वाट्याला संसारात एखादाच येतो, आणि त्यांनी तो सावकाश चाखला.

"उन्हात तुझी सुकेळी असतात, मनोरमा. तू नसतेस."

त्या रविवारी ज्ञानदाने दोन पेले भरले, सगळ्यांच्या देखत दोन पुड्या फोडल्या आणि ढवळल्या. जगन्नाथरावांनी आपला पेला एका दमात संपवला, मिशी पुसली आणि आतल्या खोलीत निघून गेले.

त्या मागच्या राजेळीचं म्हणाल, तर तिला त्या वर्षी असा घड लागला की त्याला तीन बांबूंचे टेकू द्यावे लागले. प्लासिड अजून शपथेवर सांगतो की त्या घडाची सुकेळी दाताला अशी कडक लागायची, जणू आत हाड आहे. प्लासिडने ती किती खाल्ली ते मात्र तो सांगत नाही.

तर त्या रविवारी, जगन्नाथराव आत गेल्यावर मनोरमाबाईंनी आपल्या पेल्याचा वास घेतला. नाक मुरडलं. इकडे सुमेध टीव्ही बघत होता, ज्ञानदा भांडी लावत होती. त्या हळूच पेला घेऊन उठल्या.

"जरा मागे जाऊन येते ग. घमेलं बाहेर राहिलंय."

मागचं दार बंद होतं. दाराला खुर्ची लावलेली, आणि खुर्चीत मांडीवर छत्री आडवी ठेवून जगन्नाथराव बसले होते.

"संपवा हं," ते म्हणाले.