नानांच्या दगडावरचं ते

आमचे शेजारी नारखेडे नाना जळगावच्या पिंप्राळ्यात समुद्र पाळत असत.

दुसरा शब्द मला सापडत नाही. काचेच्या पेटीत रंगीत मासे ठेवणारी दोन-चार हौशी घरं तेव्हाच्या जळगावातही होती, पण त्यांच्या पेटीत नळाचं पाणी असे. नानांच्या बैठकीत, जिथे इतरांकडे टीव्ही असतो त्या जागी, लोखंडी स्टँडवर खरंखुरं खारं पाणी होतं. तळाला किनाऱ्यावरची वाळू, मधोमध एक मोठा भोकाभोकांचा दगड, शंखात राहणारे खेकडे, लाल फुलासारखा दिसणारा एक प्राणी आणि पट्ट्यापट्ट्यांचे चिमुकले मासे. मे महिन्यात जळगावात माणसं शिजायची तेव्हा घरातला एकुलता एक टेबलफॅन त्या पेटीकडे तोंड करून असे, आणि नाना स्वतः पुठ्ठ्याने वारा घेत बसत.

मी बदली होऊन नवीन राहायला आलो, तेव्हा चहाच्या आधी त्यांनी माझं बोट त्या पाण्यात बुडवायला लावलं.

"चाखा."

मी चाखलं.

"खारं आहे ना? पटली ओळख? आता बसा."

'ओळख पटणे' हा नानांच्या आयुष्याचा पाया होता. त्यांची सगळी नोकरी एका बँकेत सह्या पडताळण्यात गेली. सख्ख्या भावाचा चेक त्यांनी सहीतल्या एका वेलांटीवरून परत पाठवला होता, अशी गोष्ट कॉलनीत सांगत. मी विचारलं तर म्हणाले, "भावाला मी ओळखतो हो. त्या सहीला ओळखत नव्हतो." निवृत्त झाल्यावरही सवय सुटली नाही. कुणी पेढे आणले तर कुठल्या दुकानातले, कशाबद्दलचे, हे कळेपर्यंत पुडा उघडत नसत. घरात पाल दिसली तरी ती नेहमीची की नवीन, हे ठरल्याशिवाय झाडू उचलायचा नाही. "आधी ओळख, मग काय ते," हे त्यांचं वाक्य कॉलनीतली पोरंसुद्धा त्यांच्याच आवाजात म्हणत.

आणि अशा माणसाच्या समुद्रात एक अनोळखी वस्तू उगवली.

सुरुवातीला दगडाच्या कडेला नुसता तपकिरी डाग होता. मग तो फुगला. मग त्याला सुरकुत्या पडल्या. पावसाळा संपता संपता तिथे भरितासाठी भाजायला ठेवून विसरलेल्या वांग्यासारखं काहीतरी लोंबू लागलं. पेटीवर टिचकी मारली की ते किंचित आक्रसायचं आणि परत सैल पडायचं. बघून जेवण जात नसे. पाहुणे खुर्ची फिरवून बसू लागले.

कॉलनीत उपायांची कमतरता नव्हती. कुणी म्हणे तुरटी फिरवा, कुणी म्हणे जुन्या ब्रशाने घासा. नानांचे रावेरचे मेहुणे केळीवर मारायच्या औषधाची बाटलीच घेऊन आले. नाना सगळ्यांना एकच विचारत, "पण ते आहे कोण?" जणू वांग्याने येऊन आपलं नाव सांगायचं होतं.

काकू धुळ्याकडच्या. रागावल्या की अहिराणीत येत. "जेनं नाव माहीत नही, त्याले घरमा कसाले ठेवतस?" असं त्या पेटीकडे पाठ करून म्हणत. नाना पेटीची काच पुसत राहत. एक दिवस पट्ट्यांचा एक मासा मेला, तेव्हा मात्र नाना हलले. काकूंचे चुलतभाऊ देवरे सर धुळ्याला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. त्या वांग्याचा नखाएवढा तुकडा चिमट्याने तोडून, लोणच्याच्या बरणीत खाऱ्या पाण्यात घालून आम्ही धुळ्याची एसटी पकडली. मी सोबतीला. बरणी नानांच्या मांडीवर.

कंडक्टर तिकीट फाडता फाडता वाकला. "आबा, काय शे हाई?"

"तेच इचारायला चाललो."

कंडक्टरने शांतपणे पुढच्या माणसाचं तिकीट फाडलं.

देवरे सरांनी तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ पाहिला. चष्मा काढून पाहिला, घालून पाहिला. शेवटी खुर्चीत टेकून म्हणाले, "भाऊजी, खरं सांगू? माझा जन्म बेडकात गेला. समुद्रातलं आमच्याकडे बाटलीत मेलेलं येतं, वर चिठ्ठी लावून. हा प्राणी असावा असं वाटतं, पण नाव मी सांगू शकत नाही."

नानांचा चेहरा पडला.

"पण उपाय सांगतो," सर म्हणाले. "सोपा म्हणजे, तो दगड काढून दोन दिवस उन्हात टाका. जे आहे ते मरेल. दुसरं, मुंबईला समुद्राच्या पाण्याचं तयार मीठ मिळतं. मी मागवून देतो. इथल्या इथे पाणी बनवा, समुद्रावरून कॅन वाहून आणायची तुमची दगदगच संपली."

"तिसरं?" नाना म्हणाले.

"तिसरं म्हणजे, पाणी शिळं झालं की असलं काही माजतं. दर महिन्याला थोडं पाणी काढून ताजं समुद्राचं घालत राहा. फार वाढणार नाही. पण पुरतं जाणारही नाही. आणि दर महिन्याला समुद्र आणणार कुठून तुम्ही?"

"डहाणूहून," नाना म्हणाले आणि उठलेच.

डहाणूला त्यांची मुलगी दिली होती, सुनंदा. पेटीतलं पाणी तिथूनच येई, पण दिवाळीनंतर एकदा आणि उन्हाळ्यात एकदा. आता नाना दर महिन्याला सुरतेकडे जाणारी ताप्ती लाइनची गाडी धरून निघू लागले. जाताना कॅन रिकामे नसत. काकू एकात भाकरीसाठी कळण्याचं पीठ भरत, दुसऱ्यात बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड. "मासा काय बिबड्या खातस?" असं स्वतःच म्हणत आणि दाबून दाबून भरत. येताना त्याच कॅनमध्ये समुद्र. वाटेत गुजरात लागतो आणि तिथे दारूबंदी, तेव्हा कॅन घेतलेला म्हातारा पाहून एकदा पोलिसाने त्यांना उतरवून घेतलं. नानांनी बूच काढून त्यालाही सांगितलं, "चाखा." त्याने चाखलं, थुंकलं आणि यांना स्वतः डब्यात चढवून दिलं.

मासे सुधारले. वांगंही सुधारलं. उलट ते आता जास्त तुकतुकीत दिसू लागलं.

एका सकाळी नाना बँकेत पेन्शनला गेले असताना काकूंनी मला हाक मारली. "भाऊ, तो दगड काढा आणि गच्चीवर ठेवा. दोन दिवसांचं काम. त्यांचं वय बघा, किती महिने हे कॅन ओढणार?" मला पटलं. बाह्या वर करून मी कोपरापर्यंत हात घातला, दगड अर्धा वर काढला आणि नाना दारात उभे.

ते ओरडले नाहीत. चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली, जवळ आले.

"ठेवा परत," म्हणाले. "हळू. ओळख पटली नाही अजून."

पण हे वाक्य नेहमीच्या तोऱ्यात नव्हतं. आवाज घाबरल्यासारखा होता. मी दगड ठेवला. काकू आत गेल्या. हात पुसायला टॉवेल देत नाना म्हणाले, "खांदा दुखतो हल्ली. या खेपेला येता का डहाणूला? एक कॅन तुम्ही घ्या."

सुनंदाचं घर किनाऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. दारात कॅन ठेवल्या ठेवल्या नाना तिला म्हणाले, "पाणी न्यायला आलो." ना कशी आहेस, ना काही. मग ओट्यावर बसून, तिने दिलेला चहा बशीत ओतून प्यायले. ती आतबाहेर करत होती आणि नानांची मान तिच्यामागे फिरत होती. जावई कामावर गेले होते. जेवणात तिने बिबडी तळली, तर नाना म्हणाले, "एवढ्यासाठी नव्हतो आलो." आणि दोन खाल्ल्या.

दुपार कलल्यावर आम्ही किनाऱ्यावर गेलो. नानांनी धोतर खोचलं आणि पहिला कॅन घेऊन पाण्यात शिरले. सुनंदा माझ्याजवळ उभी होती.

"ती घाण अजून आहे ना दगडावर?" तिने हळूच विचारलं.

"आहे. थोडी वाढलीय."

"काढू नका कुणी," ती म्हणाली. "आमच्याकडे बापाने लेकीच्या घरी सारखं जायचं नसतं. लग्नानंतर नाना वर्षातून एकदा यायचे, तेही इकडे काम होतं म्हणून. डहाणूत त्यांचं काय काम असणार? एकदा निघताना म्हणाले, थोडं पाणी नेतो, मासे ठेवायचेत. त्यांना माशांचं काही कळत नव्हतं हो. दुकानात विचारून विचारून शिकले."

साडी थोडी वर धरून ती पाण्यात गेली आणि बापाच्या शेजारी उभी राहिली.

नाना तिला काहीतरी सांगू लागले. बहुधा पोलिसाची गोष्ट असावी, कारण ती हसत होती. कॅन केव्हाच भरला होता. लाटा त्याच्या तोंडावरून जात होत्या आणि नाना तो तसाच पाण्यात धरून होते. बूच माझ्या हातात होतं. मी ते खिशात घातलं आणि किनाऱ्याने पलीकडच्या दिशेला चालू लागलो.