थोरली आणि धाकटी

जिल्हा वेगळा झाला की त्यातल्या माणसांची उंची वाढते, असं भीमराज इंगोले यांचं ठाम मत होतं. हिंगोली जिल्हा होऊन दोन वर्षं झाली तरी त्यांची स्वतःची उंची पाच फूट तीन इंचांवरच अडली होती आणि कचेरीतली खुर्चीही जुनीच होती. वाढवण्याजोगी एकच गोष्ट उरली होती: गाडी.

आखाडा बाळापूरला त्यांच्या दारात पांढरी छोटी मारुती उभी असे. नांदेडच्या शोरूममध्ये त्यांनी तिच्याच अंगाची, पण मागे डिक्की असलेली, दीडपट किमतीची गाडी पाहिली आणि त्या दिवसापासून घरात हिची 'धाकटी' झाली, तिची 'थोरली'.

घाई मुलीमुळे, पल्लवीमुळे होती. जवळा बाजारच्या खिल्लारे गुरुजींच्या मुलाशी तिचं जमत आलं होतं. रविवारी मुलाचं घर पाहायला नऊ माणसं जाणार होती. आठ करता येत नव्हती, कारण वगळलेला माणूस लग्नात रुसून बसला असता. दहा करता येत नव्हती, कारण धाकटीत नऊच बसत.

"अवो, बसतात ते खरं," शिला नवऱ्याला म्हणाली, "पण उतरताना कसं दिसतं? एकामागं एक निघूनच राहिले! व्याही मोजत बसतील."

"बाबा, त्यांना मी पसंत हाये," पल्लवी म्हणाली. "गाडी न्हाई."

तिचं मत कुणी विचारलं नव्हतं. इतरांचंही विचारलं नव्हतं, पण ते आलंच. कचेरीतले हिरासिंग राठोड म्हणाले, "थोरली म्हंजे धाकटीलाच मागून एक खोली काढली. भाडं मात्र बंगल्याचं!" कोंडीबा मिस्त्री म्हणाला, "सायेब, थोरलीचं सामान नांदेडहून येतं. धाकटीचं माह्या खिशात असतं."

भीमराजांचे वडील जळबा यांनी मत राखून ठेवलं. "आधी बसून पाहू," ते म्हणाले.

शुक्रवारी शोरूमचा विक्रेता थोरली घेऊन दारात आला. नऊ जण तयारच होते. ड्रायव्हरच्या सीटवर भीमराज आणि पल्लवीचे देवलामामा अर्धे-अर्धे बसले. शेजारी जळबा आणि काका, मागे चौघं. एसी लावायचा म्हणून विक्रेत्याने काचा वर करायला लावल्या, आणि सगळा हिशेब चुकला. धाकटीत निम्मी माणसं खांद्यापर्यंत खिडकीबाहेर असत, हे तोवर कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. काचा लागल्या आणि दोघांचे हात, एकीचं डोकं आत आलं. जळबांची बहीण गोजरआत्या तर बाहेरच राहिल्या. धाकटीत त्यांची जागा मागच्या सीटच्या पाठीमागे, काचेला टेकून असे. इथे तिथवर जायला वाटच नव्हती.

"मागं एवढी खोली हाय," जळबा आतून म्हणाले, "तिथं माणूस काहून न्हाई बसत?"

"बाबा, ती सामानाची आहे," विक्रेता म्हणाला.

"आमची गोजर काय सामानाहून जास्तीची हाय का?"

गोजरआत्या तोवर डिक्कीत चढून मांडी घालून बसल्या होत्या. "झाकण लावून पाहा रे," त्या म्हणाल्या. "वाटंत खड्डे हायेत." आणि त्यांनी स्वतःच मान खाली घालून ते ओढून घेतलं.

डिक्कीला चालणारी एकच चावी एसीसाठी गाडीत लावलेली. डिक्की उघडायची कळ ड्रायव्हरच्या सीटखाली, आणि कळीवर देवलामामांचा पाय. मामांना पाय काढायचा तर भीमराजांनी उतरायला हवं, भीमराजांना उतरायचं तर गळ्यात अडकलेला काकांचा हात सुटायला हवा, आणि काकांच्या मांडीवर जळबा. शेवटी आठही जण उतरले आणि झाकण उघडलं.

"कसं वाटलं, आत्या?" भीमराजांनी घाबरत विचारलं.

"जागा ऐसपैस हाय," आत्या पदर सारखा करत म्हणाल्या. "पण जवळा बाजार आलं का औंढा, काय कळणार न्हाई."

विक्रेता चहा न घेताच गेला.

रविवारी धाकटीच निघाली. गावाच्या अलीकडे चौघांना उतरवायचं, पाच जणांनी गाडीतून ऐटीत जायचं आणि उरलेल्यांनी मागून चालत यायचं, असं शिलाने ठरवलं होतं. पण वळणावरच खिल्लारे गुरुजी स्वागताला उभे होते. "जय भीम, जय भीम," म्हणत एकेक जण उतरू लागला आणि गुरुजी एकटक पाहू लागले. काचेजवळून गोजरआत्या उतरल्या तेव्हा गुरुजींचे ओठ हलले: "नऊ."

गुरुजींच्या दारात नवी कोरी थोरली उभी होती. मुलीकडे गाडी आहे म्हणून त्यांनी आठवड्यापूर्वीच घेतली होती. भीमराजांनी मान खाली घातली.

जेवणं झाली, तारीख ठरली. मग गुरुजींनी भीमराजांना गोठ्याकडे नेलं आणि आवाज खाली आणला.

"व्याही, एक विचारू का? राग मानू नका."

"विचारा की," भीमराज म्हणाले.

"तुमची गाडी द्यायची हाय का? आमचीत आमी पाचच बसून राहिलो. मागं राहिलेली आई चार दिवसांपासून बोलत न्हाई."

भीमराजांनी धाकटी दिली नाही. लग्नाच्या वेळी नाक्यावरच्या तपासणीसाठी दोन्ही गाड्यांची कागदपत्रं शेजारी शेजारी ठेवली गेली. आसनक्षमतेपुढे दोन्हीकडे एकच आकडा होता: चालकासह पाच.